तुम्ही विचारलंत म्हणून: घरी लोखंड कापायला टिकाऊ करवत कोणती?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या टेनामेंटात, म्हणजे बैठ्या घरात, मागच्या चौकावर पत्रा टाकून ज्यांनी छोटं वर्कशॉप थाटलंय, त्यांचा हा प्रश्न हमखास असतो: "एकदाच पैसे घालायचेत, लोखंड कापायला टिकाऊ असं काय घेऊ?" विचारणाऱ्यांत मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, निवृत्त झालेले बरेच, त्यामुळे लेथ-मिलिंग त्यांना शिकवायला नको. कामंही ठरलेली असतात. झोपाळ्याचा स्टँड, कुंड्यांची मांडणी, कूलरचं स्टँड. म्हणजे एक इंची चौकोनी पाइप, २५ × ३ मिमीचा अँगल, पट्टी आणि क्वचित ४०-५० मिमीची भरीव सळई.

माझं उत्तर एवढंच: सावकाश चालणारं मशीन घ्या, म्हणजे बँडसॉ, ज्याचं पातं अखंड पट्ट्यासारखं फिरतं. दुकानात मात्र वॅट आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) किती जास्त तेच सांगतात.

घासून कापणाऱ्या १४ इंची कटऑफ मशीनची चकती ३८०० आरपीएमला फिरते, तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो. छोट्या बँडसॉचं पातं मिनिटाला ३०-४० मीटर जातं. चकती लोखंड घासून, तापवून काढते. ठिणग्या म्हणजे जळणारे लोखंडाचे कण. पात्याचे दाते किस काढतात, त्यामुळे काप हाताला जेमतेम कोमट लागतो आणि कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, कमी येते. ठिणग्या नाहीत, मग कोपऱ्यातली थिनरची बाटली आणि शेजारणीची वाळत घातलेली साडी, दोन्ही सुखरूप.

तरी कटऑफ मशीन टाकाऊ नाही. महिन्याला दहा पाइप कापायचे आणि एखाद मिमीच्या चुकीने बिघडत नसेल, तर तेच घ्या. किमतीत बँडसॉ त्याच्या कित्येक पट जातो. पण कटऑफमध्ये टिकाऊ काय, हे नीट बघा. मोटर ब्रशची असते. कार्बन ब्रश बाहेरच्या टोपणातून काढता येतात का, सुटे मिळतात का, आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) मिळतं का, हे आधी विचारा. ब्रश झिजून स्प्रिंग कम्युटेटरवर (ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावर) घासू लागली की आर्मेचर गेलंच, आणि खर्च मशीनच्या निम्म्यावर जातो. व्हाईसचा, म्हणजे माल आवळून धरणाऱ्या शिकंज्याचा, मागचा जबडा हाताने हलवून बघा. पातळ पत्र्याचा असेल तर पाइप कापताना सरकतो, चकती चिमटीत सापडते आणि फुटते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती उलटून गेलेली किंवा पावसाळ्यात भिजलेली चकती लावू नका. आतलं राळेचं बंधन कमजोर झालेलं असतं.

विजेचंही बघा. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर चालताना पावणेनऊ अँपिअर घेतं आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि पंख्याच्या वायरीच्या एक्स्टेन्शनवर ते लावायचं नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट घ्या, वायर २.५ चौरस मिमीची, आणि सुरू होताना एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सुरुवातीचा झटका सोसणारी 'सी' प्रकारची बसवून घ्या.

कटऑफच्या चकतीच्याच आकाराचं कार्बाइड (अतिशय कठीण धातू) दात्यांचं पातं मिळतं आणि काप अप्रतिम देतं. ते १३००-१४०० आरपीएमच्या वेगळ्या मशीनसाठी असतं. "तुमच्या कटऑफवरही बसेल" असं दुकानदार सांगेल, भोक २५.४ मिमीचं असल्यामुळे बसतंही. पण ३८०० आरपीएमला दाते उडतात, आणि उडालेला कार्बाइडचा दात कुठे जाईल ते सांगता येत नाही. हे करूच नका.

आता बँडसॉ. घरासाठी साडेचार इंच क्षमतेचा आडवा बँडसॉ पुरेसा. वजन पन्नास-साठ किलो, मोटर अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर, पट्टा बदलून तीन वेग. मोटर इंडक्शन आहे ना, एवढं पक्कं करा. त्यात ब्रश नसल्याने झिजायला बेअरिंगच काय ती. सोबत येणारे पत्र्याचे पाय मात्र भंगारात द्या आणि ४० × ४० च्या अँगलचं स्टँड स्वतःच बनवा, पहिला सराव तोच.

नवीन मशीन सरळ कापत नाही, म्हणून लोक कंटाळून विकतात. दोष बहुधा जुळवणीत असतो. ५० मिमी सळईचं टोक सरळ करून घ्या, मग साधारण ५ मिमी जाडीची चकती कापा आणि व्हर्नियरने चार बाजूंनी मोजा. वर-खाली फरक आला तर पात्याला सरळ धरणारे गाइड बेअरिंग तिरपे आहेत. पुढे-मागे आला तर व्हाईसचा स्थिर जबडा गुण्यात नाही. गाइड बेअरिंगचे बोल्ट विकेंद्री असतात, म्हणजे फिरवले की बेअरिंग बाजूला सरकतं. ते फिरवून बेअरिंग पात्याला जेमतेम टेकवा, दाबू नका. आणि दोन्ही गाइड कामाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा. पाइप एक इंचाचा आणि गाइडमधलं अंतर पाच इंचांचं, तर पातं वाकणारच.

दुसरं, पातं धरणाऱ्या मशीनच्या हाताच्या वजनाचा दाब. मशीनच्या हाताच्या टोकाला सामान तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवून उचला. चार किलोच्या आसपास भरला पाहिजे. जास्त असेल तर स्प्रिंग आवळा. जास्त दाबाने पातं तिरपं धावतं आणि पातळ पाइपमध्ये दाते तुटतात.

पातं १६४० मिमी लांब आणि १३ मिमी रुंद लागतं, बहुतेक छोट्या मशीनला हेच माप. तरी स्वतःच्या मशीनवर मोजून घ्या. बायमेटलच घ्या, म्हणजे पाठ लवचीक पोलादाची आणि दात्यांची कड हाय-स्पीड स्टीलची. साधं कार्बन स्टीलचं स्वस्त पातं स्टेनलेसवर पहिल्याच कापात बोथट होतं. भरीव मालासाठी १०/१४ छापलेलं, म्हणजे इंचाला १० ते १४ दाते, पाइपला १४/१८. नवीन पात्याचे पहिले काही काप निम्म्या दाबाने करा. दात्यांची टोकं इतकी तीक्ष्ण असतात की पूर्ण दाबात बारीक तुकडे पडून जातात. माइल्ड स्टीलला मधला वेग, स्टेनलेसला सर्वात कमी, ॲल्युमिनियम-पितळेला सर्वात जास्त. स्टेनलेसवर पातं नुसतं घासत ठेवलं तर पृष्ठभाग कडक होत जातो. तिथे वेग कमी आणि दाब ठाम हवा. काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करा. वर्म गिअरच्या डब्यातलं तेल बघत जा, कमी दिसलं तर भरा. टिकाऊपणा निम्मा या दोन सवयींत आहे.

अँगल जबड्यात कोन वर करून, उलट्या व्हीसारखा धरा. मग दोन्ही पाख्यांत पातं सारखं चालतं; एक पाखा आडवा पडला तर पात्याला रुंदीभर लोखंड एकदम लागतं.

एवढं जड मशीन ठेवायला जागा नसेल, तर चांगला हॅक्सॉ आणि त्याहून चांगला व्हाईस. खरं तर व्हाईस आधी. फ्रेम चौकोनी नळीची हवी, ताण देताना वळत नाही. पातं १२ इंची बायमेटल, दाते पुढे तोंड करून. किमान तीन दाते धातूवर टेकले पाहिजेत. १६ गेजच्या पाइपची जाडी १.६ मिमी, आणि इंचाला २४ दाते असलेल्या पात्याच्या दोन दात्यांत जेमतेम १ मिमी. म्हणजे दीडच दात टेकतो. तेव्हा एक बाजू कापून झाली की पाइप फिरवा आणि पुढची बाजू तिरकी घ्या, तुटणार नाही. इंचाला ३२ दातेही चालतात. मिनिटाला ४०-५० हात पुरेत, आणि पूर्ण लांबी वापरा, मधलेच चार इंच घासू नका.

पातं अर्ध्या कापात बोथट झालं तर नवीन पातं त्याच खाचेत घालू नका. झिजलेल्या दात्यांची खाच अरुंद असते, नव्या दात्यांचा फाकवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वाकवलेले दाते, त्यात अडकून मोडतो. पाइप उलटा करा आणि समोरच्या बाजूने नवीन काप सुरू करा.