बुटांना मज्जाव

पावसाळी ट्रेकहून परतलेल्या माणसाचं स्वागत दाराची कडी निघण्याआधीच होतं. बेल वाजली की आतून "कोण?" असं कुणी विचारत नाही. "बूट बाहेरच काढ गं!" अशी आरोळी येते. माणूस आत चालतो, सॅक चालते, निथळणारं विंडचीटरसुद्धा बाथरूमपर्यंत कसंबसं चालतं. बुटांना मात्र मज्जाव. यात मला अन्याय वाटत नाही. राजमाचीच्या वाटेवरचा तांबडा चिखल, उधेवाडीच्या अलीकडचं शेण आणि दोन-तीन ओढ्यांचं पाणी एवढा ऐवज घेऊन आलेल्या वस्तूला पांढऱ्या टाइल्सवर कोण पाऊल ठेवू देईल? अडचण एवढीच, की आमच्या दाराबाहेर आहे काय, तर चार फुटी पॅसेज. त्यात आमचा चपलांचा स्टँड, समोरच्यांचा चपलांचा स्टँड आणि मधोमध लिफ्ट.

कोकणातल्या जुन्या घरांना असा पेच कधी पडला नाही. राजापूरकडच्या आमच्या घरी चिखल टप्प्याटप्प्यानं गळायचा. थोडा बांधावरच्या गवताला पुसला जायचा, थोडा खळ्यात राहायचा, मग यायच्या चिऱ्याच्या पायऱ्या. तिथे पागोळीखाली उभं राहायचं. कौलांवरून पडणाऱ्या धारेखाली एक पाय धरायचा, दुसऱ्या पायाच्या टाचेनं त्याचा घोटा चोळायचा, मग पाय बदलायचा. वाकायचं नाही, हात लावायचा नाही. बोटांच्या बेचक्यांतला चिखल तेवढा हट्टी असतो. तो पायरीच्या कडेवर तळवा घासून काढायचा. मग पडवी. तिथे खुंटीला घोंगड्या, कोपऱ्यात इरली, भिंतीला टेकवलेल्या छत्र्या आणि एका कडेला घरातल्या यच्चयावत माणसांच्या ओल्या चपला. त्यापुढे ओटी, त्यापुढे माजघर; आणि माजघरात पोचेपर्यंत पाय कोरडाठाक.

फ्लॅटमध्ये आपण सगळं आणलं. देव एका कोनाड्यात का होईना, आणले. तुळस गॅलरीत आणली. पडवी तेवढी गावी राहिली. चिखलाच्या बुटांवरून घरोघरी जी तूतू-मैंमैं चालते, तिचं खापर मी तरी या मागे राहिलेल्या पडवीवरच फोडते.

अर्थात तेव्हा बूट नव्हतेच म्हणा. लावणीला अनवाणी उतरायचं. चिखलणी केलेल्या खाचरात चप्पल घालून गेलं, तर पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. त्याचं मोल पाय भरायचे. बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, रात्री त्यावर मेंदीचा पाला वाटून लावायचा आणि टाचांच्या भेगांत कोकमाचं तेल. आता मात्र गावी बऱ्याच पायऱ्यांशी काळे गमबूट दिसतात, आणि त्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाच्या धास्तीचाही हात आहे. उंदरांच्या लघवीतून पाण्यात नि चिखलात उतरणारा त्याचा जंतू पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतर मुंबईनंही या आजाराची साथ पाहिली. गावातल्या माणसांनी गमबुटांची जागाही शोधून काढली आहे. गडग्यात दोन काठ्या खोचायच्या आणि त्यांवर बूट पालथे अडकवायचे. सरळ ठेवले, तर सकाळपर्यंत आत पाणी आणि पाण्यात बेडूक.

बेडकाचं एक वेळ ठीक. पावसात बिळं भरली की गोम, विंचू, साप सगळेच कोरडी, अंधारी जागा हुडकत फिरतात, आणि बुटाच्या पुढच्या टोकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार हे दोघंही घराच्या आसपास येतात, रात्रीचेच हिंडतात, आणि दिसायला इतके सारखे की घाबरलेल्या माणसानं फरक ओळखण्याच्या फंदात पडू नये. म्हणून बूट पायरीवर दोनदा आपटायचा आणि मगच पाय घालायचा. ही सवय माझ्या इतकी अंगात मुरली आहे, की पुण्यात तिसऱ्या मजल्यावरही मी पहाटे साडेचारला बूट आपटते. तिथे आजवर झुरळापलीकडे काही निघालेलं नाही. खालच्या मजल्यावरचे लोक मात्र उठतात.

चिखलही सगळीकडे सारखा नसतो. तांबडा चिखल फारसा चिकटत नाही. तो रंग लावून जातो. जांभ्या मातीतलं ते लोह, कापडात शिरलं की निघायचं नाव घेत नाही. माथेरानला मोटारींना बंदी, बरंचसं चालत नाहीतर घोड्यावर. तिथे पांढरे बूट घालून गेलेला माणूस संध्याकाळी विटकरी बूट घालून परततो. विदर्भातली काळी माती याच्या उलट. माझी यवतमाळची मैत्रीण सांगते, पाऊस पडून गेल्यावर शेतात शिरलं की दहा पावलांत चपलेखाली दुसरी चप्पल तयार होते, वीस पावलांत तिसरी, मग माणूस मुकाट्यानं चपला हातात घेतो. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगड. त्यामुळे तिच्या माहेरी दाराशी पायपुसणं नंतर, आधी खरडायला एक मोडका उलथना. ती माती वाळू देण्यात शहाणपण नाही. आमच्या तांबड्या मातीचं तसं नाही; तिला वाळू द्यावं, मग ती आपण होऊन सुटते. ओल्यात धुवायला गेलं तर बाथरूमची जाळी तुंबते आणि घरात वेगळंच प्रकरण उपटतं.

बूट वाळवण्याबद्दल प्रत्येक ट्रेकरचं एक शास्त्र असतं आणि तो ते न विचारता सांगतो. मीही सांगते. आधी दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून आपटायचे, खाचांतले ढेकळांचे चौकोन पडतात. नाड्या आणि इनसोल काढून वेगळे ठेवायचे. आत वर्तमानपत्राचे बोळे पार टोकापर्यंत कोंबायचे आणि दोन-तीन तासांनी बदलायचे, कारण कागद भिजला की तोच बुटाला ओल परत करतो. रविवारची पुरवणी या कामाला उत्तम, जाड असते. गॅसपाशी, हीटरपाशी बूट नेऊ नयेत. उष्णतेनं चिकटवण सुटते आणि मग ऐन उतरणीवर सोल 'आ' वासतो. सोल दोरीनं बांधून गड उतरलेला माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. गंमत म्हणजे, फार जपून कपाटात बंद ठेवलेले बूटही वाचत नाहीत. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत कुजत जातो आणि काही वर्षांनी घातल्यावर त्याचा चक्क भुगा होतो. तेव्हा वापरा आणि बाहेर वाऱ्यावर ठेवा, एवढंच आपल्या हातात.

वाऱ्यावर ठेवले की ते वास मारतात, हे आमच्या समोरच्या काकांचं म्हणणं. त्यांचं चूक नव्हतं. ओल्या बुटांचा पॅसेजभर पसरलेला वास मीच नाक मुठीत धरून ओलांडत होते. काकांनी सोसायटीत विषय काढला आणि नोटीस लागली: पॅसेजमध्ये पादत्राणे ठेवू नयेत. खाली कारण अग्निसुरक्षेचं. तेही खरंच आहे, महाराष्ट्रात त्यासाठी २००६ चा कायदा आहे आणि सुटकेची वाट मोकळी ठेवायलाच हवी; धुरात जीव घेऊन धावणारा माणूस माझ्या बुटाला अडखळून पडावा, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण ती नोटीस लागल्यावर सगळ्यांचे स्टँड आत गेले आणि चपला तेवढ्या बाहेरच राहिल्या, आता सैरावैरा. मग उलटी पडलेली चप्पल दिसली की भांडणं होतात म्हणून येता-जाता जो तो दुसऱ्याच्या चपला सरळ करू लागला. रात्री कुणाची तरी नवी सँडल चोरीला गेली, तर शेजारच्या आजींनी साडेसाती टळल्याचं जाहीर करून टाकलं. सँडलवाल्याला ते काही पटलं नाही.

तोडगा काढला सासूबाईंनी. त्या चिपळूणच्या. बांधकामावरचं एक जुनं लोखंडी घमेलं त्यांनी कुठून पैदा केलं कोण जाणे, आणि कोरड्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलं. दारातच बूट घमेल्यात काढायचे आणि घमेल्यासकट उचलून बाल्कनीत न्यायचे. टाइलवर कण सांडत नाही. दोन दिवसांत चिखल वाळतो, सासूबाई जुन्या टूथब्रशनं खाचा घासतात, माती घमेल्यात पडते. ती त्या फेकत नाहीत. चाळून कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या कुंडीत घालतात. नर्सरीत लाल माती गोणीवर पैसे मोजून घ्यावी लागते, इथे सून पायाला लावून फुकट आणतेय, हा त्यांचा हिशेब. एका पावसाळ्यात कढीपत्ता तरारून वर आला. श्रेय मातीचं की त्यांच्या ताकाच्या पाण्याचं, या वादात मी पडत नाही.

आता काका मला जिन्यात गाठून विचारतात, पुढचा ट्रेक कुठे? त्यांनी गुलाबाची तीन रोपं आणली आहेत. परवा मी सिंहगड म्हणाले, तर त्यांचा चेहराच पडला. "तिथे तर आता अर्ध्या वाटेवर दगड बसवलेत ना? त्यापेक्षा राजमाचीच करा की परत," म्हणाले, "आणि बूट जरा आपटू नका खाली उतरताना."