सांगली ते म्युन्स्टर : यजमानांच्या घरातले पहिले दिवस

मी वर्षभर जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये एका कुटुंबाच्या घरी राहून तिथल्या शाळेत शिकले. तसं जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सातारचे कंदी पेढे जर्मनीला नेता येत नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि पेढा म्हणजे खवाच. सातारच्या आत्याने दिलेला डबा आम्ही मुंबईला जाताना गाडीतच संपवला. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्यांचंही तेच, त्या घरीच ठेवा. सांगलीकरांना मात्र फारसं काही सोडावं लागत नाही. हळद, बेदाणे, भडंग, कांदा-लसूण चटणी, सगळा कोरडा माल. चटणीला तेल सुटतं, म्हणून ती पिशवीत पिशवी घालून बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. यजमानांसाठी मी बेदाणे आणि हळद नेली होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे कळल्यावर तिथल्या काकांनी पुडी चष्मा लावून उलटसुलट पाहिली. नक्षीकाम केलेल्या शोभेच्या वस्तूंपेक्षा ही भेट बरी, कारण ती संपते. दुसऱ्याच्या घरात कायमची जागा अडवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मुक्काम नव्वद दिवसांपेक्षा जास्त असेल तर साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत थोड्या दिवसांसाठी चालणारा) चालत नाही, ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची तारीख मिळायलाच वेळ जातो, तेव्हा प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात कामाला लागा. वर्षभराने परत आल्यावर कुठल्या वर्गात बसवणार, हे इथल्या कॉलेजकडून जाण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारे सर वर्षभरात बदलून गेलेले असू शकतात.

तिकडे पोचल्यावर पहिलं सरकारी काम म्हणजे पत्ता नोंदवणं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. यजमानांना हे माहीत असतं, तरी आठवण करून द्यायला लाजू नका. पुढची बरीच कामं त्या नोंदणीच्या कागदावर अडतात.

आता घर. काका, काकू, माझ्याच वयाची त्यांची मुलगी आणि एक म्हातारा कुत्रा. मी मनात काका-काकूच म्हणायचे, पण तोंडावर नुसतं नाव घ्यायचं. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेल्या मुलीला पन्नाशीतल्या बाईंना नावाने हाक मारणं किती जड जातं, ते सांगून कळायचं नाही. त्यावर उपाय नाही, पहिल्या दिवशीच एकदा मोठ्याने हाक मारून टाकायची.

सगळ्यात जास्त लक्ष जेवणाच्या टेबलावर द्या. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचंच, हे ठरलेलं असतं. तिथे ‘आणखी हवं?’ हे एकदाच विचारतात आणि ‘नको’ म्हटलं की भांडं पुढे जातं. त्यात तुटकपणा नसतो. तुम्ही बोललात ते खरं, असं ते धरून चालतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणा, नाहीतर रात्री खोलीत भडंग खात बसाल. हाच नियम बाकी सगळीकडे लागू आहे. थंडी वाजते, दमलेय, आज फिरायला यायचं नाही, हे सरळ सांगितलेलं त्यांना आवडतं. संकोचाने गप्प बसलात तर तुम्ही रागावलाय की काय, या काळजीत ते पडतात.

‘मी शाकाहारी आहे’ एवढं कळवून भागत नाही. अंडं चालतं का, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप चालतं का, जिलेटिन घातलेल्या गोळ्या चालतात का, हे जाण्याआधीच पत्रात सविस्तर लिहा. संकष्टीचा उपास असेल तर आदल्या दिवशी सांगा. बटाट्यांचा देश आहे, उपाशी राहणार नाही. संध्याकाळचं जेवण बहुतेक घरांत थंड असतं. पाव, चीज, काकडी, टोमॅटो, झालं जेवण. गरम आमटीची सवय असलेल्या पोटाला ते पहिल्यांदा जेवण वाटतच नाही, म्हणून चटणी हाताशी हवी. यजमानांना ती वाढताना मात्र चमच्याच्या टोकावर.

पोहे करून खायला घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. झाले छान. फोडणी घालण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा, शेगडीवरचा पंखा चालू करा. घरात धुराचे अलार्म असतात, शिवाय बाहेरच्या खोलीत टांगलेल्या सगळ्यांच्या कोटांना वास बसतो. ओट्यावर हळद सांडली तर त्याच क्षणी पुसा. पांढऱ्या ओट्यावरचा पिवळा डाग निघत नाही, हे हळदीच्या गावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बाथरूम कोरडं ठेवायचं असतं. बऱ्याच घरांत शॉवरच्या बाहेर जमिनीला पाणी जायला भोकच नसतं, म्हणजे बादलीभर पाणी ओतून धुण्याचा प्रश्नच मिटला. आंघोळ आटपती घ्या आणि काचेवरचं पाणी तिथल्या रबरी पट्टीने ओढून टाका. टॉयलेटमध्ये धुवायला पाणी नसतं, बाटली जवळ ठेवा. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

कचऱ्याचे डबे वेगळे: कागद, ओला कचरा, प्लास्टिकची वेष्टनं, उरलेलं. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, तेव्हा विचारून घ्या. प्लास्टिकची बाटली चेपून फेकू नका. विकत घेतानाच तिच्यावर २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकल्यावर परत मिळते. रविवारी दुकानं बंद असतात, लागेल ते शनिवारीच आणा. म्युन्स्टरमध्ये कॅथेड्रलसमोरच्या चौकात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. काकूंबरोबर तिथे जायला मला आवडायचं, कारण भाजीवाल्यांशी बोलताना माझं जर्मन कोणी तपासत नसे. घासाघीस मात्र करू नका.

हे शहर सायकलींचं आहे. फूटपाथला लागून असलेली लालसर पट्टी सायकलींची, तिच्यावर पायी चालू नका. रोज स्कूटर चालवणाऱ्यांनाही सुरुवातीला जपावं लागतं, कारण वाहतूक उजवीकडून असते आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं असतं. सायकलला पुढे-मागे दिवे हवेतच. चांगला रेनकोट घ्या. तिथले लोकच म्हणतात, म्युन्स्टरमध्ये एकतर पाऊस पडतो नाहीतर चर्चच्या घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं तर रविवार समजावा.

शाळेत दोन गोष्टी उलट्या. गुण १ ते ६, त्यात १ सर्वांत चांगला. पहिल्या चाचणीचा निकाल घरी कळवताना हे आधी सांगा. दुसरं, वर्गात बोलण्याचेही गुण असतात. खाली मान घालून वही भरणारी मुलं आपल्याकडे गुणी ठरतात, तिथे ती मागे पडतात. मोडक्या जर्मनमध्ये का होईना, हात वर करा.

घरची आठवण पहिल्या आठवड्यात फार येत नाही, सगळंच नवं असतं. नंतर येते. मला ती गणपतीत आली. सांगली संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवशीची मिरवणूक मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोनवर पाहिली आणि उरलेले तास काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर काकूंनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं. त्यांनी चहा केला, व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि ढोल वाजवणाऱ्यांचे हात दुखत नाहीत का, असं विचारलं.

घरच्यांच्या फोनची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा असतो. सांगलीत जेवणं उरकून रात्री दहाला आई फोन लावते तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात आणि सगळे नेमके टेबलावर बसत असतात. जेवताना फोन उचलणं तिथे बरं दिसत नाही. आम्ही रविवार सकाळ ठरवली होती, इथली दुपार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या रविवारी फोन आला नाही म्हणून कोणी घाबरणार नाही.