ग्रंथालयात प्रश्न घेऊन जावं

बाबांच्या नजरेचा मधला भाग धूसर झाला आहे. पान समोर धरलं की ज्या शब्दाकडे पाहावं तोच पुसल्यासारखा होतो, कडेचं मात्र दिसत राहतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मॅक्युलर डिजनरेशन. उपचार सांगितले, पुढची तारीख दिली. पण जन्मभर भूगोल शिकवलेल्या आणि रोज चार पानं वाचल्याशिवाय झोप न येणाऱ्या माणसानं आता वाचायचं कसं, याचं उत्तर त्या चिठ्ठीवर नव्हतं. तो प्रश्न मी आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेला.

माझ्या ओळखीच्या बऱ्याच सभासदांचा संबंध देवघेवीच्या टेबलापुरताच येतो. कादंबरी बदलायची, मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक घ्यायचं आणि निघायचं. त्यात गैर काहीच नाही. पण त्या टेबलामागे बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर शोधायला मदत करणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. संदर्भसेवा म्हणतात ती हीच. मला वाटतं, ग्रंथालयातली सगळ्यात मोठी सोय तीच आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही तीच.

मी विचारलं होतं, "डोळ्यांच्या आजारांवर काही पुस्तक आहे का?" ग्रंथपालबाई कपाटाकडे गेल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि उलट विचारलं, "कोणासाठी हवंय ताई? आजाराची माहिती हवीय, की घरातल्या कोणाला वाचता यायला हवंय? ते स्वतः वाचतील, की तुम्ही वाचून दाखवणार?" दुसऱ्या प्रश्नाला मी थांबले. मला हवं होतं ते तेच होतं, आणि मी मागत होते भलतंच.

नंतर बाईंनीच सांगितलं की हे नेहमीचं आहे. माणूस टेबलाशी येतो तेव्हा मनातल्या गरजेपेक्षा फार मोठा, मोघम प्रश्न विचारतो. कधी संकोच असतो, कधी वाटतं की इतकं बारीक इथे कुठे मिळणार. म्हणून उलट प्रश्न विचारून खरी गरज शोधणं हे ग्रंथपालांना शिकवलेलं असतं. आपण आपल्या बाजूनं एवढंच करावं, पुस्तक कशासाठी हवंय ते सांगून टाकावं. "कायद्याचं पुस्तक द्या" म्हणण्याऐवजी "भावाबहिणींत घराची वाटणी करायची आहे, आधी समजून घ्यायचंय" असं म्हटलं की शोध भराभर पुढे जातो.

मग आम्ही शोधायला लागलो, तेव्हा एक गोष्ट कळली जी प्रत्येक सभासदाला माहीत असायला हवी. एकाच विषयावरची पुस्तकं ग्रंथालयात एकाच जागी नसतात. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलं. जगभरात असंख्य ग्रंथालयं ते वापरतात, आमचंही वापरतं. ही पद्धत विद्याशाखेप्रमाणे चालते, आणि तिच्यात प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, त्याला वर्गांक म्हणतात. त्यामुळे डोळ्यांचे आजार वैद्यकात, ६१७.७ पाशी. दृष्टी अधू असलेल्यांसाठीच्या सेवा सामाजिक शास्त्रांत, ३६२.४ पाशी. घरात दिवे कसे लावावेत हे गृहव्यवस्थापनात, ६४४ च्या आसपास. आणि दृष्टी गेल्यावर कोणी आपले दिवस लिहून काढले असतील तर ते बहुतेक चरित्र-आत्मचरित्रांच्या रांगेत. मी एकटी गेले असते तर ६१७ समोर उभी राहून चार जड पुस्तकं चाळली असती आणि परत आले असते. ही फाटाफूट ड्यूईंना माहीत होती, म्हणून त्यांनी सोबत एक निर्देशसूची दिली. तिच्यात विषय शोधला की तो कुठे कुठे विखुरला आहे ते दिसतं. संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीत, हेच काम 'विषय' या रकान्यातून होतं. एक उपयोगी पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतला विषय निवडायचा, बाकीची भावंडं आपोआप समोर येतात.

वर्गांक वाचताना एक लक्षात ठेवावं. बिंदूनंतरचे आकडे दशांश असतात. म्हणून ६१७.१२ हे पुस्तक ६१७.७ च्या आधी लागतं, बारा मोठे आणि सात लहान म्हणून पुढे शोधत गेलं तर सापडत नाही. आणि आजारावरचं पुस्तक घेताना शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला छापलेलं प्रकाशनाचं वर्ष आधी पाहावं. वैद्यक, कायदा आणि संगणक या तीन विषयांत जुनं पुस्तक दिशाभूल करू शकतं. चांगली ग्रंथालयं अशी पुस्तकं वेळोवेळी बाद करतात, पण सगळी वेळच्या वेळी निघतातच असं नाही.

वाचायचं कसं, हा खरा प्रश्न तरी उरलाच होता. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे टाइपाचे आकार डोळ्यांत बसलेले आहेत. नेहमीचं पुस्तक साधारण दहा ते बारा पॉइंटात असतं. मोठ्या ठशाची म्हणून जी पुस्तकं निघतात ती सोळा-अठरा पॉइंट किंवा त्याहून मोठ्या टाइपात. आमच्या ग्रंथालयात त्यांचं एक कपाट आहे, खिडकीजवळ, मागच्या बाजूला. इतकी वर्षं जाऊनही मी ते पाहिलेलं नव्हतं, कारण तिकडे कोणी जातच नाही. मराठीतली पुस्तकं त्यात मोजकीच निघाली.

मग बाईंनी झाकून ठेवलेलं एक यंत्र उघडलं. खाली पुस्तक ठेवायचं, वर कॅमेरा, समोर पडदा. अक्षर हवं तितकं मोठं होतं, आणि काळ्यावर पांढरंही करता येतं. बाबांना पुढच्या वेळी सोबत नेलं. त्यांनी बातम्या, कथा यांतलं काही मागितलं नाही. म्हणाले, "अगं, ॲटलास ठेव." नकाशासंग्रह संदर्भ विभागातला, घरी मिळत नाही, तिथेच पाहायचा. बाईंनी स्वतः आणून दिला. बाबा एक नदी उगमापासून समुद्रापर्यंत पडद्यावर सरकवत गेले, मध्ये मध्ये उपनद्यांची नावं मोठ्यानं म्हणत. पलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं बसली होती, तीही उठून आली. बाबांचा तास सुरू झाला म्हणायला हरकत नाही. वाचनकक्षात शांतता पाळायची असते, पण बाईंनी त्या दिवशी काही म्हटलं नाही आणि मला त्यांचा फार आदर वाटला.

घरी वाचण्यासाठी ध्वनिपुस्तकं आली. साध्या रेकॉर्डिंगवर बाबांची तक्रार होती की मागचा परिच्छेद पुन्हा ऐकायचा तर चाचपडत बसावं लागतं. त्यावर उपाय आहे, डेझी नावाचं स्वरूप. त्यात प्रकरण, उपप्रकरण, पान असं थेट गाठता येतं आणि खूणही ठेवता येते. आणि यामागे एक मोठा करार आहे, जो मला या निमित्तानं कळला. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश इथे देशांनी ठरवलं की ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा तत्सम प्रत तयार करायला हक्कधारकाची परवानगी लागू नये, आणि अशी प्रत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावी. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. सामील झालेल्या देशांतली अधिकृत ग्रंथालयं आणि संस्था त्याच्या आधारावर अशा प्रती पुरवतात. दृष्टीबद्दलचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात, म्हणून ते सोबत न्यावं. तुमच्या ग्रंथालयात अशा प्रती नसल्या तरी कुठल्या संस्थेकडे अर्ज करायचा हे ते सांगू शकतात. विचारावं लागतं, एवढंच.

हे उपकार म्हणून घेऊ नये. ग्रंथालय संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि युनेस्को यांच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात, १९९४ च्या आणि २०२२ च्या दोन्ही आवृत्त्यांत, स्पष्ट म्हटलं आहे की ज्यांना नेहमीच्या सेवा वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी खास सेवा असायला हव्यात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, पुस्तकं वापरासाठी आहेत. आज तो सांगायची गरज काय असं वाटेल, पण पुस्तकं साखळीनं कपाटाला बांधून ठेवायची रीत एके काळी होती. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असं साखळ्यांचं ग्रंथालय अजून पाहायला मिळतं. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. बाबांच्या बाबतीत दुसऱ्या नियमाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट समजला.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात सांगते. हवं ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीबद्दल विचारा. दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवून मिळू शकतं, दुर्मिळ असेल तर आपल्या ग्रंथालयातच बसून वाचायच्या अटीवर, आणि कधी एखाद्या प्रकरणाची प्रत येते. वर्तमानपत्रांचे जुने बांधीव अंक पाहायचे असतील तर आधी कळवून जा. तो कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, झेरॉक्ससाठी दाबला की तुटतो. परवानगी घेऊन फ्लॅशशिवाय फोटो काढणं त्याला सोसतं. ई-पुस्तकासाठी रांग का लावतात, असा प्रश्न मला पडायचा. कारण बहुधा परवान्यात असतं, एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक. काही परवाने तर ठरावीक वेळा दिल्यावर संपतात. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं अशी २६ वेळांची मर्यादा घातली होती. पुढे चालवायचं तर ग्रंथालयानं पुन्हा विकत घ्यायचं. म्हणून ई-पुस्तक वाचून झालं की मुदतीची वाट न पाहता परत करावं, मागचा खोळंबलेला असतो.

सार्वजनिक संगणकावर काम झालं की लॉगआउट करा आणि उतरवून घेतलेल्या फाइल पुसा. आपण काय वाचतो हा आपला खासगी मामला आहे, आजारपणाची पुस्तकं नेणाऱ्याला हे जास्त कळतं. कोहा ही अनेक ग्रंथालयं वापरतात ती संगणकप्रणाली. तिच्यात वाचनाचा इतिहास ठेवायचा की पुसायचा हे वाचकाला ठरवू देण्याची सोय आहे, ग्रंथालयानं ती सुरू केलेली असली तर. तीही विचारून घ्या.

'वाचलेली पुस्तकं टेबलावरच ठेवा, कपाटात लावू नका' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. पुस्तक चुकीच्या जागी गेलं की ते हरवल्यातच जमा, हे एक कारण. दुसरं, अनेक ठिकाणी टेबलावर राहिलेल्या पुस्तकांची मोजणी होते. घरी न नेता तिथेच वाचलेलं पुस्तक त्यामुळे 'वापरलेलं' म्हणून नोंदलं जातं. याचं महत्त्व मोठं आहे. ज्या पुस्तकाची वर्षानुवर्षं नोंद होत नाही ते बाद करण्याच्या यादीत जाऊ शकतं, आणि जी सेवा कोणी मागत नाही तिच्यावर पुढच्या वर्षी पैसे कोण घालणार? पडद्याचं ते यंत्र झाकून ठेवलेलं होतं ते उगीच नाही.

म्हणून मी आता सगळं लेखी मागते. मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन असेल तर तो तेरा आकडी क्रमांक, आणि पुस्तक कोणाला कशासाठी हवंय ते एका ओळीत. ती शेवटची ओळ कधी वगळू नये. पुस्तकं निवडणाऱ्यांसमोर नावांची लांब यादी असते, त्यात कारण लिहिलेली मागणी उठून दिसते. सध्या माझी मागणी आहे मराठी प्रवासवर्णनांच्या ध्वनिप्रतींची आणि मोठ्या ठशाच्या आणखी मराठी पुस्तकांची. बाई म्हणाल्या, "एकट्याची मागणी मागे पडते, आणखी नावं आणा." खिडकीजवळच्या कपाटाशी परवा एक आजी भेटल्या, नातवाचा हात धरून आलेल्या. त्यांचं नाव वहीत घातलं आहे. या आठवड्यात बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीला जायचं आहे, तिथे बाकावर वाट पाहत बसलेल्यांनाही विचारणार आहे.