बांबोळीच्या वाटेवर

गेल्या जूनपासून मी दर शनिवारी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाते. सिंधुदुर्गातले किती पेशंट इथे येतात ते गोव्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग, आणि पेशंट आत असला की घरची माणसं बाहेर ताटकळत बसलेली. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मालवणी कानावर पडली की माझे पाय थांबतातच. आल्याच्या चहाचा मोठा थर्मास आणि कागदी कप घेऊन जाते, त्यांच्याजवळ बसते, ऐकते. कोणी म्हटलं तरच प्रार्थना करते, आपणहून नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून एकेक सुरू झालं. शुक्रवारी रात्री घरात हटकून भांडण, तेही कशावरून तर गॅस कोणी बुक करायचा. मुलाला ताप. प्रार्थनेला बसलं की मन कोरडं, बायबल उघडून नुसती पानाकडे बघत बसायची. पण सगळ्यात लागलं ते वेगळंच, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक ताई कोणाजवळ तरी म्हणाल्या की हिला पुढे पुढे करायची भारी हौस. ज्यांच्या शेजारी गुडघे टेकून मी वर्षानुवर्षं प्रार्थना केली त्या ताई! दोन शनिवार मी गेलेच नाही.

आता टायर पंक्चर झाला की सैतान, दूध नासलं की सैतान, हे मला पटत नाही, पावसाळ्यात मुलांना ताप येतोच. पण ताईंचं ते वाक्य मी रात्र रात्र घोळवत होते, मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते आणि त्यात बांबोळीतली माणसं पार विसरून गेले होते, हे मात्र साधं नव्हतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर, म्हणजे माणसांबरोबर नाही, दुष्ट शक्तींबरोबर आहे. कितीदा वाचलंय मी ते, आणि तरी एका रक्तमांसाच्या बाईशीच झगडत बसले होते. सैतानाला आणखी काय पाहिजे!

मग बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक परत वाचलं. नहेम्याने यरुशलेमेची भिंत बांधायला घेतली तशी सनबल्लट आणि तोबीया ह्या विरोधकांनी आधी टिंगल केली, मग धमक्या, मग सनबल्लटकडून भेटायला ये म्हणून चारदा निरोप. तो गेला नाही, काम सोडून खाली उतरून येऊ कशाला म्हणाला, आणि 52 दिवसांत भिंत पुरी झाली. मी तर एका वाक्यासाठी खाली उतरले होते.

वास्कोहून जाताना वाटेत सांकवाळ लागतं, कॅथलिक संत जुझे वाझचं सांकवाळ. आमची मंडळी कॅथलिक नाही, पण ह्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. बाणावलीला 1651 साली जन्म, 1687 मध्ये लपतछपत सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेले, कारण तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. पुढे कँडीला पोचले तर पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैदेत टाकलं. ते डच आमच्यासारखेच प्रोटेस्टंट, हे आठवलं की मी गप्प होते. विरोध करणारे आपण तर नाही ना, हेही विचारायला हवं. ताईंबद्दल मीसुद्धा दोघीतिघींजवळ बोललेच होते की.

त्या दिवसापासून ताईंचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागले. पहिले चार दिवस शब्द तोंडातून निघेना. पाचव्या दिवशी रडू आलं, मग फोन केला, आधी माझी चूक सांगितली. त्या फारसं बोलल्या नाहीत. अजूनही जरा अंतरच आहे आमच्यात.

तिसऱ्या शनिवारी परत गेले. दोडामार्गकडचे एक आजोबा होते, बायको आयसीयूत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते, चहावर साय आली तरी प्यायले नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुज्या देवाक सांग गो बाय, हिका बरी कर म्हणान."

आजी अजून आतच आहेत. तुम्हीही त्यांच्यासाठी प्रार्थना करा.