केफा पंगतीतून उठला तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी ख्रिस्ती. ऑफिसात नवा माणूस आला की महिन्याभरात, डबा खाताना, हा प्रश्न ठरलेला: "येशू ज्यू, त्याची आई ज्यू, बाराही शिष्य ज्यू. मग तुम्ही लोक त्यांचं काहीच कसं पाळत नाही? सुंता नाही, शनिवारचा विसावा नाही, डुक्करही चालतं." (मी खात नाही, पण ते पित्तामुळे.) पूर्वी मी "नवा करार" एवढंच पुटपुटून पोळीचा तुकडा मोडायचो.

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी आमच्याच लोकांना पडला होता, आणि तोही जेवतानाच.

येशूवर विश्वास ठेवणारे सुरुवातीचे लोक सगळे यहूदी, म्हणजे ज्यू. आपण नवा धर्म काढतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते रोज मंदिरात जात. पेच पडला तो अंत्युखियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात. तिथे सुंता न झालेले, ग्रीक बोलणारे लोक विश्वासणाऱ्यांच्या मंडळीत आले. मराठी बायबल त्यांना परराष्ट्रीय म्हणतं. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, म्हणजेच केफा, यहूदी रीत बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर बिनदिक्कत जेवायचा. मग यरुशलेमहून (जेरुसलेमहून) तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि हा हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदीही उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या पौलाने मग केफाला सगळ्यांदेखत सुनावलं, आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं.

ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आजी सांगायची, त्यांच्या नगरकडच्या गावात एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक जुळवताना मात्र जुनी जात काढायची.

साधारण इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात यावर बैठक बसली. ठरलं असं, की परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको. त्यांनी मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म तेवढं टाळावं. चारांतल्या तीन गोष्टी ताटातल्याच! तुमचं उत्तर इथे आहे. पण हे परराष्ट्रीयांपुरतं होतं. यहूद्यांनी आपलं सोडावं असं त्या निर्णयात कुठेच नाही. पौलाचे दोन सहकारी बघा: तीमथ्याची आई यहूदी, तर पौलाने स्वतः त्याची सुंता करवली. तीत ग्रीक, त्याची नाही केली. ज्याचं त्याने राखावं, पण बसावं एका पंगतीला, असा तो हिशेब होता.

पुढे रोमकरांच्या पत्रात पौल परराष्ट्रीयांना जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हच्या झाडाचा, दाखला देतो: लागवडीच्या झाडाच्या काही फांद्या तोडल्या आणि तिथे तुझी रानटी फांदी कलम करून लावली. माझ्या सासऱ्यांची देवगडकडे कलमं आहेत. हे ऐकून ते म्हणाले, "जावईबापू, उलटं आहे हे. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. हापूसवर रायवळ कोण बांधेल?" पौलालाही ते माहीत असावं, कारण हे निसर्गाच्या उलट झालंय असं तोच म्हणतो. आणि वर बजावतो, की तोरा मिरवू नकोस, मुळाला तू धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

पण ख्रिस्ती लोकांनी तोरा मिरवलाच. त्याच अंत्युखियात ३८६ साली योहान क्रिसोस्तोम हा नामांकित उपदेशक, ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनास्थळात, जातात म्हणून वेदीवरून आग ओकत होता. ती भाषणं मला आजही धड वाचवत नाहीत. त्यानंतरच्या शतकांबद्दल डबा खाताना बोलू नये. कॅथॉलिक चर्चने अधिकृतपणे त्या जैतुनाच्या मुळाची आठवण काढली ती १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

तोवर प्रश्न पुरता उलटा झाला होता. ओस्वाल्ड रुफाइझेन हा पोलंडचा ज्यू. नाझींच्या काळात त्याने मीर गावच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, अनेकांना पळून जायला मदत केली, पुढे ख्रिस्ती झाला, कॅथॉलिकांच्या कार्मेलाइट संघाचा संन्यासी झाला, आणि इस्रायलला जाऊन म्हणाला, ज्यूंना नागरिकत्व देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली मलाही ज्यू म्हणून नागरिकत्व द्या. १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं: ख्रिस्ती झालास, आता त्या कायद्यापुरता तू ज्यू नाहीस. नंतर कुठल्याही परदेशी माणसासारखा रीतसर अर्ज करून तो नागरिक झाला. हायफात राहिला, हिब्रूतून मिस्सा, म्हणजे कॅथॉलिक उपासना, म्हणायचा. १९९८ साली तिथेच वारला.