डकबिलचं बिल

बोटीवरचा व्हॅक्यूम संडास दुरुस्त करायला मला सगळे मिळून चार-पाच तास लागले असतील. आणि नुसते चार रबरी व्हॉल्व्ह गेटबाहेर काढायला वेगळे साडेतीन तास. महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) माझी पंप रिपेरिंगची शेड आहे. सांडपाण्याचे पंप म्हणजे रोजचंच काम. खंभातच्या आखातातल्या एका खासगी जेटीवरून फोन आला की भाड्याने लावलेल्या बोटीच्या टॉयलेटचा पंप सारखा चालू होतो. म्हटलं, संडास तो संडास, त्यात काय. बायको म्हणाली, "वंदे भारतमध्ये बटण दाबलं की सूंऽऽ करून ओढून घेतं, तसलंच ना?" तसलंच. पाण्याच्या जोरावर नाही, हवेच्या ओढीवर चालतं. एका फ्लशला अर्धा लिटर पाणी पुरतं.

पंप एका छोट्या टाकीत आधीच व्हॅक्यूम करून ठेवतो. या बोटीवर गेजला १० इंच पारा (हे व्हॅक्यूम मोजायचं माप). पेडल दाबलं की व्हॅक्यूम उतरतो, पंप सुरू होतो, मिनिट-दीड मिनिटात पुन्हा भरून बंद पडतो. कोणी फ्लश केलंच नाही तर निदान ३ तास त्याने आवाज करता कामा नये. इथे दर सात मिनिटांनी घरघर. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बिचारा म्हणाला, रात्री झोप नाही आणि सकाळी बॅटऱ्या बसलेल्या.

पंप सारखा चालतो म्हणजे पंप खराब, हे डोक्यातून काढा. माझ्या डोक्यात तेच होतं. पाऊण तास मोटर खोलून बसलो, मोटर ठणठणीत. मग भांड्याकडून येणारा पाइप टाकीपाशी सोडवला, टाकीच्या तोंडात रबरी बूच ठोकलं आणि घड्याळ लावलं. सातचे बारा मिनिटं झाले, पण पंप चालू झालाच. म्हणजे गळती पंपाच्या बाजूलाही आहे आणि भांड्याच्या बाजूलाही. हे "ही" मला तेव्हा नीट ऐकू आलं नाही, त्याचे भोग पुढे आहेत.

पंपाला चार डकबिल व्हॉल्व्ह असतात, दोन आत घेणारे, दोन बाहेर टाकणारे. बदकाच्या चोचीसारखी जाड रबरी नळी. माल पुढे जाताना चोच उघडते, मागे यायला लागला की मिटते. एका चोचीत माव्याच्या प्लॅस्टिकचा तुकडा आडवा अडकलेला. बाकीच्या तिघांवर लघवीच्या क्षाराचा पांढरा थर, ओठ कडक होऊन वाकडे. धुऊन पिशवीत घातले. दीड इंची की दोन इंची ते डीलरला नमुना दाखवून ठरवू म्हटलं. माप घ्यायचा व्हर्नियर शेडमध्येच राहिला होता. फोटो काढून पाठवायचं सुचलं नाही, हेही कबूल.

साडेदहाला गेटवर आलो. सिक्युरिटीवाल्याने पिशवी बघितली.

"आ शुं छे?"

"डकबिल."

त्याने रजिस्टरमध्ये सावकाश लिहिलं, पेन थांबवलं आणि विचारलं, "बिल क्यां छे?"

मी समजावलं की हे बिल म्हणजे चोच. तो म्हणाला, चोच असो की काही असो, आत येताना तुमच्या यादीत नव्हती, मग बाहेर कशी चालली? स्टोअरचा आउटवर्ड पास आणा. स्टोअरमध्ये गेलो तर ते म्हणाले, बोट आमची नाही, पास मालकाने द्यायचा. मालक सुरतेला. तांडेलची चिठ्ठी आणली तर तिच्यावर शिक्का नाही. मी वैतागून म्हटलं, बाबा, भंगार समज. त्यावर कळलं की भंगार तर मुळीच बाहेर जात नाही, त्याचं खातं वेगळं आणि साहेब वेगळे. साहेब जेवायला गेले होते. मी बाकावर बसलो, मांडीवर संडासाचे व्हॉल्व्ह. बाकावरची बाकी माणसं हळूहळू सरकत गेली.

दोन वाजता पाळी बदलली. नव्या माणसाने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, "जुने वॉशर." त्याने लिहिलं, "जुने वॉशर, नग ४", आणि हात केला. संपलं! वॉशर म्हटलं की कोणी बिल मागत नाही. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी हे विसरू नका.

नवे व्हॉल्व्ह मुंबईहून कुरिअरने तिसऱ्या दिवशी आले. बिलाच्या तीन झेरॉक्स घेऊन गेलो, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

जेटीवर जाण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या. या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला बोट विहिरीच्या तळाशी असल्यासारखी दिसते आणि गाळाने माखलेल्या शिडीवरून हत्यारांची पिशवी घेऊन उतरावं लागतं. एकदा उतरलो, पुन्हा नाही.

नवे व्हॉल्व्ह बसवले, पाइप जोडला. पंप पंधरा मिनिटांनी सुरू. तेव्हा ते "ही" आठवलं. भांड्यात दोन मग पाणी ओतून स्टुलावर बसलो. अर्ध्या तासात भांडं कोरडं! म्हणजे तळाचं सील हवा सोडत होतं. हाताचं बोट फिरवून पाहिलं तर सीलखाली मिठाच्या खड्यासारखा खरखरीत क्षार. ब्लीच किंवा कडक ॲसिड घालू नका, रबर जातं. मी साधा व्हिनेगर रात्रभर ठेवायला सांगितला आणि सकाळी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. लोखंडाचं काही लावायचं नाही.

एक आधीच सांगायला हवं होतं. पंप खोलण्यापूर्वी मैल्याची टाकी रिकामी करून घ्या, ब्रेकर पाडा आणि हॅच (डेकवरचं झाकण) उघडी ठेवा. त्या वासात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, बंद जागेत जीवावर बेततं.

सकाळी अकराला गेज १०वर आला. मी आणि तांडेल समोर चहा पीत बसलो. एक वाजला, काटा जागचा हलला नव्हता. अडीच वाजता पंप घरघरला तेव्हा दोघंही दचकलो. तांडेल आत डोकावून आला आणि म्हणाला, खलाशी संडासला गेलाय.