तुकडे तयार, मग महिने कशाला?

हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडमध्ये मिग-21 ला निरोप दिल्यापासून माझ्या कपाटातल्या प्लास्टिकच्या छोट्या मॉडेल-मिगकडे पाहुण्यांचे लक्ष अधिकच जाते, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: तुकडे डब्यातून तयारच मिळतात, तर एक विमान जोडायला महिने का लागतात? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

जोडणी तशी एका रविवारी दुपारी उरकते. वेळ खातो तो सांधा. धड डावे-उजवे अशा दोन भागांत येते आणि ते जुळवल्यावर पाठीवर जी रेघ उरते, ती झाकायला रंग पुरत नाही. 1:72 या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर 3.6 सेंटिमीटरची भेग.

पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, पॉलिस्टायरिनचा (तुकड्यांच्या प्लास्टिकचा) पृष्ठभाग विरघळवून दोन्ही कडा एकजीव करते; मात्र हा मऊ थर पुरता कडक होण्याआधी घासला, तर तो पुढे आकसतो आणि रंगाखाली बारीक घळ उमटते, म्हणून धड निदान दोन दिवस बाजूला ठेवावे. मग पुट्टी, 400 पासून 1000 नंबरपर्यंतचा ओला पॉलिश पेपर, आणि शेवटी नजरेतून सुटलेले सगळे उघडे पाडणारा करडा प्रायमर. नखाला काही लागले, की पुन्हा पुट्टी.

मिगमध्ये आणखी एक पेच आहे. इंजिन काढण्यासाठी या विमानाचा शेपटीकडचा भाग सुटा होतो. त्यामुळे धडाला वळसा घालणारी तिथली रेघ खरी आहे आणि ती राखलीच पाहिजे. पाठीवरची रेघ घालवताना तीही तेवढ्यापुरती पुसली जाते. मग जाड टेप गुंडाळून तिच्या कडेने, अजिबात जोर न देता, सुई पुन्हा पुन्हा ओढायची. एका दमात खोल कोरायला गेलात, तर सुई घसरलीच म्हणून समजा. (धड मिटण्यापूर्वी नाकात शिसे भरायला विसरू नये, नाहीतर विमान शेपटीवर बसते. मला ते चेंदणी कोळीवाड्यातला एक मित्र देतो. गळाला लावायचेच असते.) पोटाखालच्या सांध्यासाठी मी एवढा जीव काढत नाही.

त्यात आपले ठाणे. जुलैत लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. म्हणून पावसाळाभर मी घासतो आणि कोरतो. रंगाचे डबे उघडतात ते नवरात्रानंतर.